तात्या गेला

चहा घ्या आधी. बिस्किटंही संपवा. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकून तुमच्यातल्या निम्म्यांना हसू आवरणार नाही आणि उरलेले माझ्याकडे असे बघतील की, ही बाई खरंच शिकलेली आहे का? दोन्ही चालेल. मी स्वतः आठवून हसते. हसून झालं की मात्र बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

चुका सगळ्यांच्या होतात हो. कुणी आमटीत दोनदा मीठ घालतं, कुणी भलत्याच लग्नात जेवून येतं. मी काय केलं? मी एका गेलेल्या माणसाला गोणीत भरून ठेवायला सांगितलं. फोनवर! स्पीकर चालू असताना! त्याच्या बायकोसमोर!

थांबा, नीट सांगते.

मी तळोज्याच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे नक्की काय चालतं ते कुणी कधी विचारत नाही, आज ऐकाच. धातूंवर मुलामा चढवणारे जे कारखाने असतात ना, त्यांचं धुवण आमच्याकडे टँकरनं येतं. त्या पाण्यात तांबं, निकेल, जस्त, सगळं विरघळलेलं असतं. तसंच सोडलं तर खाडीतले मासे मरतील. म्हणून आम्ही ते पाणी उंच उंच नळकांड्यांतून सोडतो. त्यांना म्हणायचं कॉलम, वरच्या टोकाला बाटलीसारखी मान असलेले. कॉलमच्या आत रेझिनचे दाणे भरलेले असतात, मोहरीएवढे, गोल, एक प्रकारचं प्लास्टिकच म्हणा. गंमत अशी की एकेका जातीचा दाणा एकेका धातूलाच धरतो. एका कॉलममधल्या दाण्यांचं फक्त तांब्याशी जमतं. तांबं दिसलं की घट्ट धरून ठेवतात आणि निळेशार होतात. निकेल, जस्त शेजारून गेलं तरी ढुंकून बघत नाहीत! मग आम्ही त्यांना ॲसिडनं धुतो, तांबं सोडवून घेतो, दाणे पुन्हा कामाला लागतात.

तर या तांब्याच्या कॉलमचं नाव होतं तात्या.

नाव पडलं ते आमच्या तात्यांवरून. तात्या म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने ऑपरेटर. पळस्प्याच्या पुढे आत एक गाव आहे, तिथले. वडिलांची मिठागरं होती, ती गेली, आणि तात्या कारखान्यात आले. कँटीनमध्ये पोहे आले की हा माणूस शेंगदाणे तेवढे वेचून खायचा आणि उरलेली बशी पुढे सरकवायचा. एक दिवस कुणीतरी म्हणालं, "हा आपला तांब्याचा कॉलमच आहे बघा! हवं तेवढं धरतो, बाकीचं सोडतो." झालं! त्या दिवसापासून कॉलमचा तात्या झाला. तात्यांनाही त्याचं काय कौतुक! येता-जाता कॉलमच्या पोटावर थाप मारून विचारायचे, "काय रं, जेवलास का?"

मी नोकरीला लागले तेव्हा कारखान्यात मी एकटी मुलगी. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक व्हॉल्व उघडा राहिला आणि शेडभर निळं पाणी झालं. मालक ओरडत आले. तात्या पुढे झाले आणि म्हणाले, "माज्या हातून ऱ्हायला." बास, एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे. आसपास कुणी नसलं की म्हणायचे "बाय". माझ्या माहेरी मला कुणी इतक्या मायेनं हाक मारली नसेल.

निवृत्त झाले तेव्हा त्यांचा पुतण्या दिनेश आमच्याकडेच लागला. त्याच्याकडून कळत राहायचं. तात्यांची साखर वाढली. मग पायाची जखम भरेना. मग मूत्रपिंडं बिघडली, डायलिसिस सुरू झालं. मी फोन करायचे. तात्या म्हणायचे, "बाय, आता माजा पानी मशीन गालते. तू ये एकदा बगायला."

"येते ना तात्या. नक्की येते."

माझ्या नव्या पनवेलच्या घरापासून त्यांचं गाव किती लांब? भाजी आणायला जावं इतकं! पण कधी मुलीची परीक्षा, कधी कारखान्यात तपासणी, कधी नुसताच कंटाळा. हो, कंटाळा. खोटं कशाला बोलू? आजारी माणसासमोर बसून काय बोलायचं, या विचारानंच मी चार वेळा गाडीची किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.

आणि त्याच सुमाराला आमचा दुसरा तात्या, म्हणजे कॉलम, खराब झाला. पाण्यातून तेल येत होतं, ते दाण्यांवर बसायचं. तांबं धरता धरेना. कितीही धुवा, दोन दिवसांत पुन्हा तेच. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चर्चा. "तात्या आज बरा आहे." "तात्या पुन्हा तुंबला." "तात्या आता काही दिवसांचा सोबती." अहो, ही वाक्यं आम्ही खरोखर लिहीत होतो! कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर सुट्टीचा दिवस. सकाळी मी केसांना मेंदी लावून, डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवून, जुना गाऊन घालून बसले होते. फोन वाजला. वर नुसतीच ओळ दिसली. दिनेशचा मेसेज: "तात्या गेला."

आता इथे जरा थांबा. मला सांगा, तुम्ही काय समजला असता? आपण शहरातली माणसं. वडीलधारं माणूस असेल तर आपण म्हणणार "तात्या गेले". यंत्र असेल तर "गेला". माझ्या डोक्यात हा नियम इतका पक्का की दुसरी शंकासुद्धा आली नाही! पण दिनेशच्या घरी बापाला एकेरी, काकाला एकेरी, देवालाही एकेरीच. त्यांची माया एकेरीत असते, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं की नाही?

मी ग्रुप न उघडताच, त्या ओळीखालीच मेंदीच्या बोटानं टाइप केलं: "एकदाचा गेला! मी कधीपासून म्हणतेय, त्याच्यात राम राहिला नाही. उगाच खर्च करत बसलो त्याच्यावर."

पाठवलं. फोन ठेवला. वर छान शीळ घालत चहा टाकला.

दोन मिनिटांत दिनेशचा फोन. हात मेंदीचे, म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडे त्यानंही लावला होता, पण ते मला काय माहीत? मागे एकसारखा ऊं-ऊं असा आवाज येत होता. मला वाटलं शेडमधला ब्लोअर, तो हवा मारणारा मोठा पंखा, चालू आहे. त्या बायका रडत होत्या हो.

"मॅडम," दिनेशचा आवाज बसलेला. "मेसेज बगला ना?"

"बघितला. वाईट वाटून घेऊ नकोस रे. जायचाच होता तो."

"व्हय. कदी काढायचा मंग? सगली तुमचीच वाट बगतान."

"माझी वाट कशाला बघता? काढा की! चौघं जण आहेत ना उचलायला?"

"चौघं हायेत."

"मग झालं तर! दोरीनं नीट बांधा आणि मान सांभाळा. गेल्या वेळी दुसरा काढताना मान मोडली होती."

पलीकडून दिनेश हळूच म्हणाला, "जालायला तरी याल ना, मॅडम?"

मी ताडकन उठले. आमच्याकडे जुनं रेझिन जाळायला सक्त मनाई आहे. मागे कुणीतरी गोणीभर रेझिन मागच्या बाजूला पेटवलं होतं आणि अख्खी वसाहत खोकत रस्त्यावर आली होती!

"जाळायला? दिनेश, डोकं ठिकाणावर आहे का? मुळीच जाळायचा नाही!"

"नाय जालायचा?"

"नाही म्हणजे नाही! इतकी वर्षं त्यानं आत काय काय शोषलंय, तुला माहीत नाही? तांबं, ॲसिड, वरून तेल! सगळं धुरातून बाहेर येईल. आसपासच्या लोकांनी काय करायचं? दगड मारतील आपल्याला!"

"मंग... काय करायचा त्याचा?"

"गोणीत भरा. तोंड शिवून टाका आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवा. घातक कचऱ्याची गाडी गुरुवारी येते, ती घेऊन जाईल."

फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली. मी निवांत चहा प्यायले. त्या चहाची चव अजून माझ्या तोंडात आहे.

मग म्हटलं, शिफ्टवर सावंत आहेत, त्यांना सांगावं की शेजारचा कॉलम जोडून घ्या. फोन लावला. "सावंत, तात्या काढला का?"

"तात्या? मॅडम, तात्या मस्त चालू आहे! पाणी कसं स्वच्छ येतंय."

"अहो, मग दिनेश तर म्हणाला की..."

सावंत आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, दिनेश रजेवर आहे. त्याचे काका सिरियस होते ना. मॅडम, तुम्ही ग्रुपवर जे लिहिलंत, ते... ते तुम्हीच लिहिलंत का?"

मी ग्रुप उघडला. माझ्या मेसेजच्या खाली कुणी काही लिहिलं नव्हतं. त्याच्या वर, दिनेशच्या ओळीखाली, सगळ्यांनी हात जोडलेले होते. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. आणि मग मी. "एकदाचा गेला!"

दिनेशला फोन लावते तर तो उचलेना. गाऊनवर ओढणी टाकली, गाडीची किल्ली घेतली, निघाले. डोक्यावर टोपी तशीच! हे मला पळस्पे फाट्याच्या सिग्नलला कळलं, शेजारच्या रिक्षातली माणसं वळून वळून बघायला लागली तेव्हा. टोपी काढून फेकली. मेंदी तशीच राहिली.

तात्यांच्या घरासमोर ही गर्दी! तिरडी बांधून तयार होती. तात्या ओटीवर ठेवलेले. आणि अंगणात भांडण पेटलेलं.

कारण माझं बोलणं सगळ्या अंगणानं ऐकलं होतं ना! कंपनीची मॅडम म्हणते, तात्याच्या अंगात तांबं मुरलंय. जाळला तर विषारी धूर होणार. कंपनीची गाडी येऊन घेऊन जाणार. एक जण म्हणत होता, जमिनीत पुरू या. दुसरा म्हणत होता, पुरला तर विहिरीचं पाणी बाटेल. पोरं निराळीच तापली होती. कंपनीनं आमचा माणूस मारला, चला तळोज्याला, गेट बंद पाडू! आणि स्मशानाला लागून ज्यांची घरं, ते हात जोडून सांगत होते, आमच्या घरात बारकी पोरं आहेत हो.

या सगळ्याच्या मधोमध काकी, म्हणजे तात्यांची बायको. नवऱ्याच्या छातीवर आडवा हात टाकून बसलेली. कुणाकडे बघत नव्हती. एकच म्हणत होती, "गोनीत नाय भरू देनार. आमी मीठ भरलाव गोनीत. मानूस नाय भरायचा."

मी गर्दीतून कशी आत गेले, मला आठवत नाही. दिनेश समोर आला. डोळे लाल. मला म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेली मानसं. मला वाटला, तुमाला काय ते म्हाईत असंल."

इतकंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काकींच्या समोर मातीत बसले. म्हटलं, "काकी, मी तात्यांबद्दल बोलत नव्हते. कारखान्यात एक कॉलम आहे, पाणी गाळायचा. त्याचं नाव आम्ही तात्या ठेवलंय. तो बिघडला होता. मला वाटलं, दिनेश त्याच्याबद्दल सांगतोय. जाळू नका म्हटलं ते त्याला. गोणीत भरा म्हटलं तेही त्याला. तात्यांच्या अंगात काही नाही हो. साखरेनं गेले ते, डॉक्टरांनी सांगितलंय तेच खरं."

अंगणात सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला असणार. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मागून एक पोरगा फिसकन हसला आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारली.

काकी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "त्याचा नाव मशीनला ठेवलाव?"

"हो."

"त्याला म्हाईत होता?"

"माहीत होतं. रोज बोलायचे त्याच्याशी. जेवलास का विचारायचे."

तेव्हा कुठे तिचा हात छातीवरून सुटला आणि ती मोकळी रडली. मीही. आणि माझी मेंदी! डोळ्यांतलं पाणी आणि कपाळावरून ओघळणारी मेंदी, दोन्ही मिळून गालांवरून हनुवटीपर्यंत लाल-तपकिरी ओघळ. बायका घाबरून बघायला लागल्या, मॅडमचं डोकं फुटलं की काय! काकीनं स्वतःचा पदर घेतला आणि माझं तोंड पुसलं. तिचा नवरा समोर पडलेला, आणि ती माझं तोंड पुसतेय!

"तुजी वाट लई बगत व्हता," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं. "दारात गाडी वाजली की बोलायचा, बग, बाय आली वाटतं."

मी तिचा भिजलेला पदर हातात घट्ट धरला.

मग तात्यांना उचललं. मी बायकांबरोबर मागे थांबणार, तर एक म्हातारेबुवा आडवे आले. गावात त्यांचा शब्द चालत असावा. म्हणाले, "तुमीबी चला, बाय. मशीनची गोष्ट आमी ऐकली. पन मानसांच्या मनात भ्या बसलाय. तुमी तोंडानं नाय म्हनला होताव, आता तिथं उभ्या ऱ्हाऊन तोंडानं हो म्हना."

गेले. नदीकाठी चिता रचलेली. तात्यांना वर ठेवलं. दिनेशच्या हातात पेटता पलिता. आणि तो पुढे जाईना. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

माझ्या मनात काय काय होतं सांगू? ते निळं पाणी. "माज्या हातून ऱ्हायला." मला म्हणायचं होतं, तात्या, मी आले. उशिरा आले, पण आले. मला म्हणायचं होतं, मला माफ करा. मला म्हणायचं होतं, थांबा जरा, मला पाच मिनिटं त्यांच्याशी बोलू द्या, इतके दिवस बोलले नाही ते सगळं.

आणि लोक थांबले होते एकाच शब्दासाठी.

मी घसा साफ केला. शेडमध्ये ब्लोअरच्या वरून ओरडायची सवय, आवाज लहान निघतच नाही माझा. सगळ्या नदीकाठाला ऐकू जाईल असा निघाला.

"जाळा!"

इतक्या वर्षांची माया, आणि त्यांच्यासाठी शेवटचा शब्द काय निघाला तोंडातून? तो!

ग्रुपवरचा तो मेसेज मी पुसून टाकला, पण ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचलाच होता. मालकांनी मला बोलावून फक्त पाणी दिलं. कॉलमचं नावही पुसलं. आता त्याला नंबरनं ओळखतात. दिनेश माझ्याशी पहिल्यासारखा बोलतो, पण वाक्य संपलं की मी दोनदा विचारते, कुणाबद्दल बोलतोयस? माणूस की मशीन? नाव सांग, आडनावही सांग!

काकींच्या पाया पडायला मी मग गेले. एकदा नाही, बऱ्याचदा. पण खरी गंमत पुढे आहे. तात्यांच्या वर्षश्राद्धाला गेले तर अंगणात पाहुणे बसलेले, उरणहून आलेले कुणीतरी लांबचे नातेवाईक. मी दिसताच काकी उठली, माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं अभिमानानं म्हणाली, "हीच ती मॅडम! माज्या मानसाची किती मोठी किंमत व्हती कंपनीत, बगा. सगला गाव खोलंबून ऱ्हायला व्हता. ही आली तलोज्यावरून धावत, डोकी फुटलेली, रगत गलतंय, तरी आली! आनि हिनं हुकूम दिल्याबिगर चिता पेटली नाय!"

पाहुण्यांतले एक वयस्कर गृहस्थ उठले, पुढे आले आणि डोळ्यांत पाणी आणून त्यांनी मला हात जोडले.

मी तोंड उघडलं. सांगणार होते, अहो, रक्त नव्हतं, मेंदी होती. तळोज्यावरून नाही, घरूनच आले. चहा पिऊन आले. आणि मोठेपणा कसला, तो माणूस जिवंत होता तेव्हा मला इथपर्यंत यायचा कंटाळा आला होता.

पण काकी माझ्याकडे बघून इतकं छान हसली होती.

मग काय करणार? मीही हात जोडले.